सोडलेल्या ओळी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापताना शाई फिसकटलेली पत्रकं मालक रद्दीत टाकायचा, ती वडील घरी आणायचे. एप्रिलमधल्या जयंतीची, गिरणीच्या संपाची, विद्यार्थ्यांच्या मोर्चाची. मागची कोरी बाजू माझ्या पाढ्यांसाठी आणि पुढची बाजू वाचनासाठी. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. 'जाहीर' हा शब्द मी स्वतःच्या नावाआधी लिहायला शिकलो असं आई चेष्टेनं म्हणायची. चेष्टा कमी आणि खरं जास्त होतं. काही लपवायचं नाही, नाव घेऊन बोलायचं, चूक आपली असेल तर आधी आपली सांगायची, हे मला कुणी शिकवलं नाही. ते त्या कागदांतून अंगात उतरलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांनी कुठल्याशा नागरिक समितीचं एक पत्रक जुळवलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पत्रकाचा मथळा होता : 'साहेबाच्या वर साहेब, सगळ्या साहेबांच्या वर लोकायुक्त.' साध्या माणसाला वकिलाशिवाय, ओळखीशिवाय, थेट मुंबईला लोकायुक्तांकडे तक्रार करता येते. एक अर्ज आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र, बस. खाली जाड टाइपात : 'निनावी पत्र लिहू नका. नाव हीच नागरिकाची ताकद.'

ते पत्रक मला पाठ झालं. त्याच पाठांतरानं मी एका माणसाचं वाटोळं केलं.

आमच्यापासून दोन दारं सोडून नाना राहायचे. सरकारी नोकरीत होते. धुळ्याहून एसटीनं तासाभरावरच्या एका तालुक्याच्या गावी कार्यालयात जायचे. आवक-जावक लिपिक. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक आणि तारीख घालायची आणि जाडजूड नोंदवहीत त्याची एक ओळ लिहायची, हे त्यांचं काम. "कागद कुठंही जन्मू दे," ते म्हणायचे, "त्याचं बारसं माझ्या टेबलावर." पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात मीही रोज त्यांच्याबरोबर एसटीनं जायचो. शेतकऱ्यांसाठी विहिरींच्या अनुदानाची योजना आली होती आणि अर्ज भरता येत नाही म्हणून लोक परत जात होते. कार्यालयाच्या आवारातल्या निंबाखाली बसून मी त्यांचे अर्ज फुकट लिहून द्यायचो. शिपाई मला 'पत्रकवाले' म्हणायचा. "काय पत्रकवाले, आज कितीक क्रांत्या?" असं विचारून हसायचा आणि पाणीही आणून द्यायचा.

नियम सोपा होता. ज्याचा अर्ज आधी आला, त्याची विहीर आधी. कोण आधी आलं हे ठरायचं नानांच्या नोंदवहीतल्या क्रमांकावरून.

पांझरा नदीकाठच्या एका खेड्यातली एक विधवा बाई पहिल्याच दिवशी, कार्यालय उघडायच्या आधी येऊन दारात बसली होती. तिचा अर्ज मीच लिहिला. तिच्या आधी तिथं फक्त शिपाई होता आणि त्याच्या हातात झाडू. पंधरा दिवसांनी यादी लागली तेव्हा तिच्या वर नऊ नावं होती. ती माझ्याकडे आली, भांडायला नाही, खात्री करायला.

"मना कागद पहिला व्हता ना, भाऊ?"

"पहिलाच होता, मावशी."

"मंग हाई नऊ जन कोठून उनात?"

परतीच्या एसटीत मी नानांना तेच विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशीची नांगरलेली रानं मागं जात होती. धुळं आलं, आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं.

कार्यालयाचे साहेब रोज सकाळी आत जाताना टेबलापाशी थांबायचे. हसून सांगायचे, "नाना, आज पाच ओळी सोडा." कधी तीन, कधी नऊ. क्रमांक टाकायचे, पुढं कोरं ठेवायचं. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी साहेबांच्या माणसांचे अर्ज यायचे आणि नानांच्याच हातानं, मागच्या तारखेनं, त्या कोऱ्या ओळींत बसायचे. पहिल्या दिवशीच्या सगळ्यात वरच्या नऊ ओळी अशाच सोडलेल्या होत्या.

"तुम्ही लिहिता?" मी विचारलं.

"मीच लिहितो. अक्षर बदललं तर कळेल ना." मग थांबून म्हणाले, "पण सोडलेल्या प्रत्येक ओळीला मी समासात पेन्सिलीनं ठिपका दिलाय. बारीक. माहीत असेल त्यालाच दिसेल."

तो ठिपका ऐकला आणि माझं डोकं पेटलं. पुरावा होता. साक्षीदार होता. आणि माझ्या वहीत घडी घालून ठेवलेलं ते पत्रक होतं. मी तीन दिवस नानांच्या मागं लागलो. ते नाही म्हणाले नाहीत, होही म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "एकच विचारतो. तो कागद मुंबईला गेला. ठीक. तिथून पुढं कुठं जातो?"

"पुढं कुठं जाईल? तेच चौकशी करतात."

"त्यांची माणसं येतात इथं?"

"येत असतीलच की."

सगळं आयुष्य कागद कुठून कुठं जातो हे पाहण्यात गेलेल्या माणसानं मला एकमेव बरोबर प्रश्न विचारला होता. मी त्याला पत्रकातलं उत्तर दिलं.

रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर आम्ही मसुदा करायला बसलो. मसुदा त्यांनीच आधी लिहून ठेवला होता, कार्यालयाच्या भाषेत, शांत, थंड. त्यात एक वाक्य होतं : 'सदर ओळी मी वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून सोडल्या असून, लेखी आदेश मागितला असता तो मिळाला नाही.'

मी लाल पेन्सिल काढली आणि ते वाक्य खोडलं.

"हे कशाला खोडलं?" नाना म्हणाले. "मी खरंच मागितला होता लेखी. दोनदा."

"नाना, हे कारण सांगणं झालं. वरून आदेश होता म्हणून केलं असं तर प्रत्येक जण म्हणतो. तुम्ही वेगळे आहात हे दिसलं पाहिजे."

त्याच्या वर मी लिहिलं : 'या खोट्या नोंदी मी स्वतःच्या हाताने केल्या आहेत. या अन्यायात माझाही वाटा आहे आणि त्याची शिक्षा भोगायला मी तयार आहे.'

नानांनी ते दोनदा वाचलं. "जरा जास्त होतंय का?"

"असं लिहिलं की वाचणारा हलतो, नाना."

आत त्यांच्या पत्नी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. थापण्याचा आवाज थांबला. "जो वाची तो हाली," त्या आतूनच म्हणाल्या, "पन तुम्ही हालशात त्यानं काय?"

आम्ही दोघंही हसलो. नानांनी सुवाच्य अक्षरात पक्की प्रत केली. सोमवारी धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात जाऊन प्रतिज्ञापत्र झालं. रजिस्टर पोस्टानं कागद मुंबईला गेला. कच्चा मसुदा माझ्या वहीतच राहिला आणि ती वही घरात कुठंतरी.

महिन्याभरात उत्तर आलं. नीट, सभ्य पत्र. तक्रार दाखल झाली आहे, प्राथमिक अहवाल मागवण्यात येत आहे, आपलं नाव गोपनीय राखलं जाईल. मी ते पत्र वडिलांना वाचून दाखवलं, मित्रांना सांगितलं, म्हणजे नाव न घेता सांगितलं, आणि आठ दिवस जमिनीपासून वीतभर वर चाललो. नाना मात्र त्या पत्रातल्या एकाच शब्दावर बोट ठेवून बसले होते. 'मागवण्यात'.

"कोणाकडून मागवण्यात?"

मी पत्र उलटून पाहिलं, त्यात ते लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर नानांनी एसटीत बोलणं कमी केलं. कधी मध्येच म्हणायचे, "आता नाशिकला आला असेल." पंधरा दिवसांनी : "आता धुळ्यात." कागद जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली येतोय आणि त्यांना त्याची पावलं ऐकू येतात असं मला वाटायचं. मी म्हणायचो, नाना, तुम्ही उगाच घाबरता. ते म्हणायचे, घाबरत नाही रे, मोजतोय. प्रत्येक कार्यालयात त्यांच्यासारखा एक आवक-जावकवाला होता आणि ही माणसं एकमेकांना ओळखायची. एक दिवस धुळ्याच्या स्टँडवर असाच एक जण त्यांना भेटला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "नाना, तुमच्याकडे काहीतरी येतंय. जाड आहे."

त्या शुक्रवारी मी निंबाखाली होतो. टपालाचा माणूस सायकलवरून आला, पिशवी देऊन गेला. नानांची खिडकी आवाराकडे होती. ते नेहमीप्रमाणे पट्टीनं पाकिटं फोडत होते. एक पाकीट फोडलं, आतला गठ्ठा काढला आणि पट्टी हातातच राहिली. मी उठून खिडकीशी गेलो.

सगळ्यात खाली आमची तक्रार होती. नानांच्याच सुवाच्य अक्षरात, नानांच्या सहीसकट, प्रतिज्ञापत्रासह. तिच्यावर मुंबईचं पत्र. त्यावर ठळक 'गोपनीय' आणि स्पष्ट सूचना : चौकशी संबंधित कार्यालयाबाहेरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं स्वतः करावी. त्याच्यावर दुसऱ्या एका कार्यालयाचं पत्र. त्यात 'गोपनीय' होतं, सूचना नव्हती. त्यावर आणखी एक. त्यात 'गोपनीय'ही नव्हतं. सगळ्यात वर दोन ओळींचा कागद : 'सोबतचे प्रकरण योग्य त्या कार्यवाहीसाठी व अहवालासाठी.' खाली उतरता उतरता प्रत्येक पायरीवर एकेक गोष्ट गळून पडली होती. मुद्दाम की आळसानं, हे मला आजही माहीत नाही. आळसानं असेल तर ते जास्त भयंकर आहे. अहवाल मागितला होता साहेबांकडून, साहेबांविषयी.

"नाना, द्या इकडं," मी हळूच म्हणालो. "मी घेऊन जातो. कुणी पाहिलं नाही."

हे मी म्हणालो. पत्रकांवर वाढलेला मी.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. कार्यालयात ते कधी घरची बोली बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "कागद उना का त्याले नंबर देनाच पडस."

"तुमचं नाव आहे त्यावर!"

"मंग तक्रार कसाकरता करी आपन?"

त्यांनी नोंदवही ओढली. क्रमांक टाकला, तारीख टाकली. विषयाच्या रकान्यात लिहिलं : तक्रार, आवक नोंदवहीबाबत. अर्जदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. शिक्का मारला, टपालाच्या फायलीत लावला आणि ती घेऊन स्वतः साहेबांच्या खोलीत गेले. चालताना त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

मी आरडाओरडा अपेक्षिला होता. काही झालं नाही. अर्ध्या तासानं साहेब स्वतः बाहेर आले, नानांच्या टेबलापाशी थांबले, शिपायाला दोन चहा सांगितले.

"नाना, काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं," ते म्हणाले. "मुंबईपर्यंत गेलं."

नाना उभे राहिले.

"बसा, बसा. चहा घ्या." साहेबांनी खिडकीतून माझ्याकडेही बघून मान हलवली, ओळखीच्या माणसासारखी. "आणि जाताना नोंदवही तेवढी आत ठेवून जा. अहवाल करायचाय ना."

चहा नानांनी घेतला नाही. तो कप संध्याकाळपर्यंत टेबलावर होता, वर साय धरून.

पुढचे दोन महिने तसेच गेले. मी नसेन त्या दिवशी एसटीत नानांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. कार्यालयातली माणसं उभी राहायची पण तिथं बसायची नाहीत. त्यांचं टेबल खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी लावलं. शिपायानं मला पाणी देणं बंद केलं. एकदा झाडता झाडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्रकवाले, तुमी उद्यापासून नका येऊ. माझं पन पोट शे."

मग निलंबनाचा आदेश आला आणि पाठोपाठ दोषारोपपत्र. नानांनी ते मला ओट्यावर वाचायला दिलं. साहेबांचा अहवाल अतिशय हुशारीनं लिहिलेला होता. त्यात तक्रार खोटी आहे असं कुठंही म्हटलं नव्हतं. तक्रार संपूर्ण खरी आहे असं म्हटलं होतं. ओळी सोडल्या गेल्या, खोट्या नोंदी झाल्या, पात्र अर्जदारांवर अन्याय झाला. सर्व नोंदी एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात आहेत. आणि सदर व्यक्तीनं ते प्रतिज्ञेवर स्वतःच कबूल केलं आहे. पुढं अवतरणचिन्हांत, टाइप केलेलं माझं वाक्य होतं. 'या अन्यायात माझाही वाटा आहे आणि त्याची शिक्षा भोगायला मी तयार आहे.'

साहेबांच्या आदेशाचा उल्लेख कुठंच नव्हता. असणार कसा? तक्रारीतच नव्हता. मी खोडला होता.

"ठिपके आहेत ना, नाना," मी म्हणालो.

"वही दाखवली काल मला," ते म्हणाले. "समास धुतल्यासारखा स्वच्छ शे."

अक्का दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि नेहमीप्रमाणे दोघांसाठी ताटं घेतली. मला जेवता आलं नाही.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून माळ्यावर गेले. कंपोझिटरची एक सवय असते. काम छापून संपलं तरी मूळ हस्तलिखित फेकायचं नाही, तारेला टोचून ठेवायचं. उद्या कुणी म्हणालं की चूक छापली, तर दाखवायला काहीतरी हवं. माझ्या वहीतून गळलेला तो कच्चा मसुदा त्यांना जमिनीवर सापडला होता आणि सवयीनं त्यांनी तो तारेला टोचला होता. मध्ये भोक पडलं होतं, पण नानांचं वाक्य होतं. तोंडी आदेशावरून. लेखी मागितला असता मिळाला नाही. आणि त्यावर माझी लाल रेघ.

"हे तू खोडलंस?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"आम्ही दुसऱ्याचा मजकूर जुळवतो," ते म्हणाले, "एक काना बदलायचा तरी त्याला विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. चौकशी अधिकाऱ्यांना : तक्रारीतलं कबुलीचं वाक्य माझं आहे, तक्रारदाराचं मूळ वाक्य मी खोडलं, सोबत मूळ मसुदा जोडला आहे, मला साक्षीला बोलवावं. नक्कल जोडली तर खोटी म्हणतील म्हणून मूळ कागदच जोडला. खरं असेल ते उघड द्यायचं, ही माझी शिकवण. चौकशी तिथंच होणार होती, म्हणून नानांना घेऊन मी कार्यालयात गेलो. निलंबित माणूस आत येऊ नये म्हणून शिपायानं त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

टेबलावर नवा लिपिक होता, माझ्याच वयाचा, नीट भांग पाडलेला. त्यानं अर्ज घेतला, माझ्या प्रतीवर शिक्का मारला, क्रमांक आणि तारीख टाकून प्रत परत दिली. मी वाट बघत उभा राहिलो. त्यानं नोंदवहीत तो क्रमांक लिहिला आणि पेन उचललं. पुढं काही लिहिलं नाही. मग माझ्या मागच्या माणसाचा कागद घेतला आणि खालच्या ओळीत त्याची नोंद करू लागला.

"माझी ओळ?" मी विचारलं.

"तुमचीच आहे. गर्दी आहे ना, भरतो नंतर."

माझ्या मागं एकच माणूस होता.

बाहेर आलो. नाना बाकावरून उठले. "नंबर दिन्हा का?"

"दिला."

मी प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला आणि तेवढ्यानंच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. क्रमांक पडला म्हणजे कागद अस्तित्वात आला, यावर त्यांचा अजून विश्वास होता. कोऱ्या ओळीबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. ही माझी दुसरी चूक. ही मी पत्रकं वाचून केली नाही, भित्रेपणानं केली.

चौकशीच्या दिवशी मी नानांबरोबर आत गेलो; चौकशी अधिकाऱ्यांनी माझी प्रत पाहिली आणि नोंदवही मागवली. त्या क्रमांकापुढं एका शेतकऱ्याचा विहिरीचा अर्ज होता. सगळं व्यवस्थित, तारखेसकट.

"असा कागद आवक नाही. मसुदाही फायलीत नाही," अधिकारी म्हणाले.

"शिक्का आहे त्यावर," मी म्हणालो.

"शिक्का काय, कुणीही बनवतं हो."

नाना उठले. त्यांनी नोंदवही जवळ घ्यायची परवानगी मागितली. वहीवर वाकले, चष्मा कपाळावर घेतला, बोट न लावता ती ओळ पाहिली. "साहेब, ही ओळ सोडली होती," ते म्हणाले. "वरची शाई बघा, खालची बघा. मधली नवी आहे. आणि दोन्हीकडून जागा पुरावी म्हणून अक्षर दाबून लिहिलंय. मागून भरताना असंच होतं."

मला वाटलं, आता झालं. कोपऱ्यात आमचे साहेब बसले होते. ते हसले.

"तुम्हाला बरं कळतं हो, नाना," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी साहेबांचं तेवढंच वाक्य लिहून घेतलं.

निवृत्तीला चार महिने असताना नानांना सक्तीनं निवृत्त केलं गेलं. गावात बातमी एवढीच पोचली की आवक-जावकवाल्यानं घोटाळा केला होता आणि तो पकडला गेला. त्या पांझरेकाठच्या बाईनंही बहुधा तेच ऐकलं असेल. माझ्या कागदावर तिनं अंगठा दिला होता आणि ज्यानं तिची बाजू मांडली, त्याचंच नाव तिच्यापर्यंत चोर म्हणून गेलं, हा विचार मला झोपू देत नाही. त्या हंगामात तिची विहीर झाली नाही. नंतर झाली का, हे विचारायला मी गेलो नाही.

धुळ्यात राहणं नानांना जमेना. जळगावला पिंप्राळ्यात त्यांची मुलगी राहायची, जावई भुसावळला रेल्वेत. नाना आणि अक्का तिकडं गेले. वर्षभरानं मुंबईचं एक पाकीट त्यांच्या जुन्या पत्त्यावर आलं. पोस्टमन आमच्याकडे देऊन गेला. मी ते घेऊन जळगावला गेलो, स्टेशनवरून रिक्षानं पिंप्राळ्याला. नाना घराच्या पायरीवर बसले होते. मी पाकीट दिलं. त्यांनी पट्टी मागवली, नीट फोडलं, वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आले आहे. दोषी कर्मचाऱ्यावर विभागामार्फत कारवाई पूर्ण झाली आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"तुन्ही तक्रार खरी निंघनी, भो," नाना म्हणाले.

त्या पत्राखाली सही करणारा माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्यानं सूचना नीट दिली होती. अहवाल मागितला, अहवाल आला. त्याच्यासमोर फक्त कागद होते आणि कागद एकमेकांशी जुळत होते. पण ज्या संस्थेला लोकशाहीनं डोळे दिले आणि पाय दिले नाहीत, ती चोराचं घर शोधताना चोरालाच पत्ता विचारते. वर्षाअखेरीला हे प्रकरण कुठंतरी निकाली निघालेल्यांत, यशस्वी ठरलेल्यांत धरलं गेलं असेल. ती यादी मला वाचायची इच्छा नाही. आमच्या साहेबांना बढती मिळाली. आता ते जिल्ह्याला बसतात आणि खालून आलेल्या तक्रारींवर वर जाणारे अहवाल त्यांच्या टेबलावरून जातात.

नानांनी घरात शाळेच्या वहीचीच एक नोंदवही केली होती. येणारं प्रत्येक पत्र, लग्नपत्रिका, विजेचं बिल तिच्यात चढायचं. मुंबईच्या पत्राला त्यांनी क्रमांक दिला, तारीख घातली, ओळ लिहिली. मग पट्टी घेतली आणि त्या पानावरच्या उरलेल्या कोऱ्या ओळींवर, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, एक तिरपी रेघ ओढली.

मी निघताना त्यांनी विचारलं, "नवीन काय लिखस?"

"पत्रक. तक्रार कशी करावी यावर."

"मंग त्यामा हाई लिख," ते म्हणाले, "कागद पुढे कोठे कोठे जास ते."

ते मी लिहिलं. मुंबईपासून तालुक्यापर्यंतची एकेक पायरी, कुठल्या पायरीवर काय गळतं, तोंडी आदेश असेल तर तो पहिल्या ओळीत का लिहायचा, मूळ कागद हातचा का सोडायचा नाही. नानांचं नाव घातलं नाही. आमच्या साहेबांच्या कार्यालयाचं घातलं. वडिलांनी छापखान्यात सगळा मजकूर जुळवला, मला न विचारता एकही काना न बदलता. शेवटची ओळ राहिली तेव्हा मान वर केली.

"खाली नाव कुणाचं टाकू? नावाशिवाय छापता येत नाही."

"माझं," मी म्हणालो.

त्यांनी खिळ्यांच्या खणात हात घातला आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर उचललं. तो खिळा चिमटीत धरून वडील बराच वेळ तसेच उभे राहिले.